गवत कापल्याचे एकशे चाळीस डॉलर

पाकिटावर नाव माझंच, पण आडनाव लग्नाआधीचं.
शोधणाऱ्यानं फार मागून उकरून आणलं असणार.
आत छापलेलं: एमिल हुदाक, मयत, यांचे वारस.
नऊ वारसांत मी सातवी.
वरच्या सहांपैकी दोघं आता काकासारखीच मयत,
एक फ्लोरिडात असतो, फोन उचलत नाही.

काकाला शेवटचं पाहिलं तेव्हा तो पोर्चवर लसूण सोलत होता.
पोलादाचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झालेली,
तरी तीन वाजता मान वर करायचा,
भोंगा ऐकल्यासारखी.

मग यादी.
गवत कापणे, जून, एकशे चाळीस.
गवत कापणे, ऑगस्ट, एकशे चाळीस.
खिडक्यांना फळ्या ठोकणे, सहा नग.
सांडपाण्याची थकबाकी,
ज्या घरात अकरा वर्षांत कुणी पेलासुद्धा विसळला नाही त्याची.
गवत. गवत.
मांजरीची पिल्लं हलवणे, रक्कम शून्य.
पुन्हा गवत.
आणि व्याज, गवताहून जोमानं वाढलेलं,
ते मात्र कुणी कापायला येत नाही.

काउंटीच्या कचेरीत काचेपलीकडे ट्रिबलबाई.
हे मी भरायचं का?
तुम्ही नाही, त्या म्हणाल्या. बोजा घरावर आहे.
तुमच्या पगाराला हात लागणार नाही, गाडीलाही नाही.
मग मला कशाला कळवलंत?
कळवावं लागतं.
आणि घर कुणाचं आहे?
त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. घर अजून काकाच्याच नावावर.

म्हणजे नाव मेलेल्याचं, बोजा घराच्या पाठीवर,
आणि आम्ही सगळे दूर उभे,
बसलेल्या बैलाभोवती उभं राहावं तसे,
दोर कुणाच्याच हातात नाही.
बेवारस म्हणता येत नाही त्याला.
वारस नऊ आहेत.
म्हणूनच त्याची ही दशा.

एक कागद असतो. त्यावर सही केली
की तुम्ही वारस कधी नव्हतातच, असं समजलं जातं.
कागद काचेखालून सरकला, पाठोपाठ पेन.
पेनाला साखळी होती.
घरी वाचून करते, म्हटलं,
आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

नदीवरून टेकडी चढले, एकदा बघून यावं म्हणून.
लहानपणी मोजलेल्या पायऱ्या त्रेसष्ट.
आज एकोणसाठ, चार मातीत गेल्या.
पोर्चच्या फळीतून तुतीचं झाड वर आलेलं,
काका बसायचा बरोबर तिथूनच.
फळ्या मोजल्या. सहा नग. हिशेब चोख आहे त्यांचा.
समोर गवत घोट्याएवढं, मागे कमरेएवढं,
आणि शेजारच्या कुंपणालगत
एक पट्टा, पुढून मागपर्यंत,
नीट कापलेला. ताजा. वास येत होता.

काठी टेकत बाई बाहेर आल्या. मिसेस अर्नेस्टीन गेज.
तू पाउलिनाची ना? कपाळ तिचंच आहे.
मग माझ्या नजरेकडे बघून म्हणाल्या,
एवढं मी करते. मशीन पोचतं तेवढं.
नगरपालिकेची माणसं येतात, समोरचं कापतात,
फोटो काढतात आणि जातात.
किती वर्षं करताय?
एमिल गेला तेव्हापासून.
किती झाले असतील मग?
किती काय?

मी मनात गुणाकार सुरू केला होता,
अकरा उन्हाळे, उन्हाळ्याला पाच वेळा तरी,
आणि मध्येच हरवले.
हे कुठल्याच वहीत चढलेलं नाही.
याला व्याज नाही, नोटीस नाही,
घर पाडलं तरी हे घराबरोबर जाणार नाही,
आणि नाही म्हणून सही करायला
याचा कागद ट्रिबलबाईंकडे नसणार.

पर्स त्यांच्या पायरीवर ठेवली.
मशीन कुठे आहे, विचारलं.
मागे, म्हणाल्या. पेट्रोल अर्धं असेल.
दोरी तीनदा ओढावी लागते.

मला पाचदा ओढावी लागली.